रोड सायकलिंगचं हेल्मेट कसं निवडायचं: आधी डोकं, मग हवा, मग स्पीड

चार वर्षांपूर्वी सासवडहून परत येताना बोपदेव घाटाच्या उतारावर एका वळणावर खडी पसरलेली होती, पुढचं चाक घसरलं आणि मी आपटले. हेल्मेट घातलेलं होतं, बकल लावलेलं होतं, तरी कपाळाला चार टाके पडले. घरी आल्यावर हेल्मेट हातात घेऊन नीट बघितलं तर पुढच्या कडेला साधा ओरखडासुद्धा नाही आणि मागच्या टोकाला थर्माकोल चेपलेलं. म्हणजे पडताना हेल्मेट मागे सरकलं, कपाळ उघडं पडलं आणि रस्ता थेट कपाळाला लागला. हेल्मेट चांगल्या क्वालिटीचं होतं, फक्त माझ्या डोक्याला एक साइज मोठं होतं. दुकानात माझ्या साइजचा पीस नव्हता म्हणून मागची घट्ट-सैल करायची डायल शेवटपर्यंत आवळून देऊन "एकदम परफेक्ट बसलंय" असं सांगितलं गेलं आणि मी ते ऐकून घेतलं.

तेव्हापासून माझ्या ग्रुपमध्ये कोणी नवीन हेल्मेट घेणार असेल तर मी सोबत जाते, आतापर्यंत बरीच डोकी टेपने मोजून झाली आहेत. लोक दुकानात शिरल्यावर आधी विचारतात वजन किती, मग विचारतात एरो, म्हणजे हवेचा अडथळा कमी करणाऱ्या आकाराचं, आहे का, मग रंग, आणि बसतंय का ते सगळ्यात शेवटी. माझ्या मते क्रम बरोबर उलटा पाहिजे. आधी फिट, मग हवा कशी खेळते ते, आणि एरो त्यानंतर, तेही तुमचा स्पीड किती आहे ते बघून.

आधी आतला स्टिकर बघा

हेल्मेट म्हणजे मुळात ईपीएस, म्हणजे आपलं थर्माकोलच, फक्त टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलपेक्षा जास्त घट्ट भरलेलं, आणि त्यावर पॉलिकार्बोनेटचं पातळ कवच. डोकं आपटलं की थर्माकोल चेपतं, चेपताना धक्क्याची शक्ती स्वतःत खाऊन टाकतं आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. त्या काही मिलिसेकंदांसाठीच आपण हेल्मेट घालतो.

हे काम ते नीट करतं की नाही हे आपल्याला बाहेरून बघून कळणार नाही, त्यासाठी टेस्ट असतात. युरोपची ईएन १०७८, अमेरिकेची सीपीएससी. युरोपच्या टेस्टमध्ये साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडी ठोकळ्यावर आपटतात आणि आतल्या नकली डोक्याला २५० जीपेक्षा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) जास्त धक्का बसता कामा नये, अमेरिकेत उंची २ मीटर आणि मर्यादा ३०० जी. अमेरिकेत हा नियम १९९९ पासून सक्तीचा आहे. हेल्मेटच्या आत यापैकी एखादा स्टिकर असतोच, त्यावर साइज, वजन आणि बनवल्याची तारीख पण असते, ती तारीख नक्की वाचा कारण सेलमध्ये जुना स्टॉक खूप फिरतो. आयएसआयचा जो आयएस ४१५१ मार्क आपण स्कूटरच्या हेल्मेटवर बघतो तो मोटरवाल्या दुचाकीसाठी आहे, सायकलच्या हेल्मेटवर तो शोधत बसू नका. आणि ऑनलाइन एखादं वीस हजाराचं मॉडेल दोन हजारात दिसलं तर ते खोटं आहे असंच समजा, बाहेरून रंग, लोगो, भोकं सगळं हुबेहूब असतं पण आतल्या थर्माकोलची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

मिप्सबद्दल सगळेच विचारतात. स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या संशोधनातून ही गोष्ट आली. पडताना डोकं क्वचितच सरळ उभं आपटतं, बहुतेक वेळा तिरकं आपटतं आणि त्यामुळे डोक्याला गरकन झटका बसतो, मेंदूला तो झटका वाईट. मिप्समध्ये आत एक पातळ थर असतो जो आपटल्यावर १० ते १५ मिलिमीटर सरकतो आणि त्या झटक्याचा थोडा भाग घालवतो. बजेटमध्ये बसत असेल तर घ्या. हेल्मेट कुठलं किती वाचवतं याचं कंपनीबाहेरचं मत हवं असेल तर अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटना स्टार देतंय, यादी फुकट बघता येते. तिथे स्टारसोबत एक स्कोअर पण असतो आणि तो जितका कमी तितकं हेल्मेट चांगलं, लोक नेमके इथे उलटं वाचतात. त्या यादीत स्वस्त हेल्मेटसुद्धा बऱ्यापैकी वर दिसतात, त्यामुळे महाग म्हणजे जास्त सेफ असं डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका.

डोकं मोजणं

घरातली शिवणाची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण दोन सेंटिमीटर, कानांच्या वरून, आणि मागे डोक्याचा जो सगळ्यात बाहेर आलेला उंचवटा असतो त्यावरून टेप आडवी फिरवा. आरशासमोर उभं राहा नाहीतर टेप मागे खाली घसरते आणि आकडा चुकतो. तीनदा मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा. बऱ्याच कंपन्यांचं एस म्हणजे ५१ ते ५५, एम म्हणजे ५५ ते ५९, एल म्हणजे ५९ ते ६३ सेंटिमीटर असं असतं, पण प्रत्येक कंपनीचा चार्ट वेगळा असतो तेव्हा घ्यायच्या मॉडेलचाच चार्ट बघायचा. माझं डोकं ५५ भरतं, म्हणजे बरोबर दोन साइजच्या मधे, आणि अशा मधल्या डोक्यांचीच फसगत होते. मधे असाल तर दोन्ही साइज घालून बघा आणि लहान साइज कुठे टोचत नसेल तर लहानच घ्या. डायल असते ती शेवटच्या थोड्या ॲडजस्टमेंटसाठी, साइज चुकली असेल तर डायल तिला सुधारत नाही. माझ्या जुन्या हेल्मेटची डायल पूर्ण आवळल्यावर मागचा पाळणा, म्हणजे डायलला जोडलेली डोकं मागून धरणारी पट्टी, डोक्याला घट्ट लागत होता, पण कानांच्या वर दोन्ही बाजूंना थर्माकोल आणि डोकं यांच्यात सहज बोट जात होतं. त्या वेळी मला हे बघायला कोणी सांगितलं असतं तर!

आकड्यापेक्षा अवघड भाग म्हणजे डोक्याचा आकार. ५७ सेंटिमीटरची दोन डोकी घ्या, एक वरून बघितलं तर गोल असेल आणि एक पुढून मागे लांबट. युरोपियन कंपन्यांची बरीच हेल्मेट लांबट डोक्याला धरून बनवलेली असतात, त्यामुळे गोल डोकं असलेल्यांना कानशिलांवर दाबतं आणि कपाळासमोर मात्र जागा राहते. उलट लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं तर कपाळावर टोचतं आणि दोन्ही बाजूंनी डुगडुगतं. काही कंपन्या एशियन फिट किंवा वाइड फिट म्हणून वेगळं मॉडेल काढतात, गोल डोकं असेल तर ते आवर्जून मागा. तुमचा आकार कळत नसेल तर केस ओले करून चपटे बसवा आणि कोणाला तरी वरून मोबाइलवर फोटो काढायला सांगा, लगेच दिसतं.

दुकानात घालून बघताना

घाई करायची नाही. कमीत कमी वीस मिनिटं दुकानात लागणार हे धरूनच जा, आणि शक्य असेल तर स्वतःचा गॉगल, आतून घालत असाल ती कॅप, आणि केस जसे बांधून सायकल चालवता तसे बांधून जा.

पहिली गोष्ट, डायल पूर्ण सैल करून हेल्मेट घाला, पट्टा लावू नका. ते आडवं, सरळ बसलं पाहिजे, पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. बऱ्याच जणी, आणि बरेच जण पण, हेल्मेट टोपीसारखं मागे ढकलून घालतात कारण कपाळ मोकळं बरं वाटतं, फोटोत पण चांगलं दिसतं, पण मग कपाळ वाचवणार कोण? आता डायल हळूहळू आवळा, बसलं असं वाटेल तिथे थांबा. पट्टा न लावता कमरेतून वाका आणि डोकं खाली करून हलकेच हलवा. हेल्मेट पडता कामा नये. मग सरळ उभं राहून हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा, कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय असं झालं तर ते ढिलं आहे. मिप्सवालं असेल तर आतला थर किंचित सरकतो, ते चालतं, त्याला ढिलं समजू नका.

मग पट्टे. कानाच्या दोन्ही बाजूंनी येणारे पट्टे कानाच्या पाळीच्या जरा खाली व्हीसारखे एकत्र आले पाहिजेत आणि कानाला घासता कामा नयेत. काही हलक्या, महागड्या हेल्मेटमध्ये ही जोडणी शिवलेली, फिक्स असते, ती सरकवता येत नाही, तेव्हा ती तुमच्या कानाखाली बरोबर येते का हे दुकानातच बघून घ्या. बकल लावल्यावर हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच जागा हवी. आता तोंड मोठं उघडा, जांभई दिल्यासारखं, हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे.

आणि आता ती टेस्ट, जी मी कोणालाच टाळू देत नाही. बकल लावलेलं असताना तळहात हेल्मेटच्या पुढच्या कडेखाली लावा आणि वर-मागे जोरात ढकला. कपाळ उघडं पडण्याइतकं मागे गेलं तर एकदा पुढचे पट्टे आवळून परत करा, तरीही गेलं तर ते हेल्मेट परत ठेवा, कितीही आवडलेलं असलं तरी. मग मागून पुढे तसंच ढकलून बघा, डोळ्यांवर आलं नाही पाहिजे. माझ्या जुन्या हेल्मेटला मी टाके काढल्यावर ही टेस्ट करून बघितली, ते चार बोटं मागे गेलं.

एवढं झालं की घालूनच दुकानात फिरा, पंधरा मिनिटं तरी. टोचणारं हेल्मेट पहिल्या दोन मिनिटांत टोचत नाही. काढल्यावर आरशात कपाळ बघा, सगळीकडे सारखा हलका लालसर पट्टा असेल तर छान, एकाच ठिकाणी गडद लाल ठिपका असेल तर दोन तासांनी तिथे डोकं ठणकणार. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात आणि हेल्मेट काढून चालवायची सोय नसते, तेव्हा तो ठिपका गांभीर्याने घ्या.

दुकानात सायकल असेलच, तिच्यावर बसून ड्रॉप्स, म्हणजे हँडलचा खाली वळलेला भाग, धरा. मान वर करून पुढे बघताना हेल्मेटची मागची कड मानेला किंवा जर्सीच्या कॉलरला लागते का? पुढची कड नजरेच्या आड येते का? गॉगलच्या काड्या मागच्या पाळण्यावर चढतात का? सरळ उभं असताना यातलं काहीच कळत नाही.

केसांबद्दल वेगळं सांगते कारण पुरुष दुकानदार हे कधीच विचारत नाहीत. उंच पोनीटेल किंवा अंबाडा असेल तर मागचा पाळणा उंचवट्याच्या खाली बसूच शकत नाही, वर चढतो, आणि मग सगळंच फिट बिघडतं. मानेशी खाली बांधलेली वेणी सगळ्यात उत्तम, पाळण्याच्या खालून मोकळी जाते. क्लचर, जाड क्लिपा आत नकोत, पडल्यावर त्या डोक्यात घुसतात.

हवा

घाटात हळू चढताना पेडलवर समजा १५० वॅट जात असतील तर शरीर त्याच्या तिपटीपेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकत असतं, कारण आपण खाल्लेल्यातला साधारण चौथा-पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोचतो. म्हणजे ५०० वॅटच्या आसपास, छोट्या रूम हीटरइतकी. ती घालवायला घाम आहे, पण घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे, आणि वाळायला हवा वाहती पाहिजे. पुण्यात मे महिन्यात ऊन कडक असलं तरी हवा कोरडी, घाम पटकन वाळतो. तोच रायडर ताम्हिणी उतरून माणगावला पोचला की हवा जड होते, घाम नुसता गळत राहतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात चालवणाऱ्यांनी व्हेंटिलेशनला म्हणून जास्त मार्क द्यायला पाहिजेत.

भोकं किती आहेत हे मोजू नका, ती कुठून कुठे जातात ते बघा. चांगल्या हेल्मेटमध्ये पुढच्या भोकातून शिरलेली हवा आत थर्माकोलमध्ये कोरलेल्या खोल नाल्यांमधून डोक्यावरून सरकत मागच्या भोकांतून बाहेर पडते. मागे हेल्मेटच्या पाठी हवेचा दाब कमी असतो, तो हवा ओढून घेतो. पुढे दहा भोकं आणि आत सपाट थर्माकोल असेल तर हवा शिरायला जागाच नाही, ती भोकं नुसती दिसायला. म्हणून हेल्मेट उलटं करा, पुढच्या भोकात बोट घाला आणि नालीतून मागे कुठपर्यंत जातं ते बघा. मग ते उजेडासमोर धरून आत बघा, मिप्सचा थर किंवा पॅड भोकांच्या आड येत असतील तर लगेच दिसतं, एकाच मॉडेलच्या मिप्सवाल्या आणि साध्या पीसमध्ये पण फरक सापडतो कधीकधी.

कपाळावरचा पॅड हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. तो जर कपाळाला टोकापासून टोकापर्यंत सलग चिकटून बसत असेल तर खालून हवा शिरत नाही आणि घाम पॅडमध्ये साठून एकदम चष्म्यावर ओघळतो. पॅडच्या वर थोडी फट, किंवा पॅड तुकड्यांमध्ये असेल तर बरं. दुकानात ओला रुमाल पॅडवर दाबून बघा, पाणी मधून डोळ्यांकडे येतं की बाजूंना कानशिलांकडे जातं?

घरी आणल्यावर, म्हणजे परत करायची मुदत चालू असताना, टेबल फॅनची टेस्ट करा. केस पूर्ण ओले करा, हेल्मेट घाला, टेबल फॅन फुल स्पीडवर लावून हातभर अंतरावर समोर बसा, हुड्सवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठींवर, हात असताना डोकं जेवढं झुकतं तेवढं झुकवा. डोळे मिटा. गार कुठे लागतंय? कपाळाला, मधोमध टाळूला, की मागेसुद्धा? मी तीन हेल्मेट अशी तपासली, त्यातल्या एकात टाळूवर काहीच जाणवलं नाही, केस दहा मिनिटांनी तिथे ओलेच होते आणि बाजूला वाळले होते. ते मॉडेल मी दुसऱ्याच दिवशी परत केलं. मग डोकं जरा जास्त खाली आणि जरा वर करून बघा, काही हेल्मेटची हवा एकाच कोनात चांगली लागते.

एक मात्र खरं, फॅनसमोर पास झालेलं हेल्मेट पण सिंहगडाच्या चढावर तापतं. तिथे स्पीड ८-१० किलोमीटर, त्यात मागून वारा असेल तर डोक्यावरून हवा जवळजवळ वाहतच नाही. अशा वेळी नाल्यांपेक्षा मोकळेपणा कामाला येतो, म्हणजे मोठी भोकं, डोक्याला थर्माकोल कमी ठिकाणी टेकणं, जेणेकरून गरम हवा वरूनच निघून जाईल. ज्यांचे निम्मे राइड घाटात असतात त्यांनी मोठ्या भोकांचं हेल्मेट घ्यावं, माझं स्पष्ट मत आहे. फक्त मोठ्या भोकांतून मधमाशी पण शिरते, घाटात हे होतं, तेव्हा पुढच्या भोकांना आतून बारीक जाळी आहे का ते बघा.

वजनाचं इथेच सांगून टाकते. रोड हेल्मेट साधारण २५० ते ३०० ग्रॅमची असतात. ५० ग्रॅम कमी करायला लोक पाच-सात हजार जास्त देतात. सायकल धरून तुमचं वजन ८० किलो असेल तर ५० मिनिटांच्या चढावर त्या ५० ग्रॅमचे होतात साधारण दोन सेकंद. मानेला हलकं वाटतं हे खरं आहे, मानेचा त्रास असेल तर जरूर हलकं घ्या, पण चढावर स्पीड वाढेल म्हणून नको.

एरो

२३ जुलै १९८९, तूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा शेवटचा दिवस, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी शर्यत. लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता, डोक्यावर काही नाही, पोनीटेल वाऱ्यावर. ग्रेग लेमंड एरोबार (हात पुढे जवळ घेऊन टेकवायचं हँडल) लावून आणि निमुळतं हेल्मेट घालून उतरला आणि अख्खी तूर ८ सेकंदांनी जिंकला. त्यात एरोबारचा वाटा मोठा होता, पण डोक्यावर काय आहे याने घड्याळ बदलतं हे त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं. रोड रेसमध्ये तर हेल्मेट सक्तीचं व्हायलाच २००३ उजाडलं, पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हा रायडर हेल्मेटशिवाय पडून मरण पावला त्यानंतर.

आता आपल्या स्पीडचा हिशोब. हवेशी झुंजायला लागणारी पॉवर स्पीडच्या घनाने वाढते, स्पीड दुप्पट तर पॉवर आठपट. हुड्सवर बसलेला मध्यम उंचीचा रायडर, पुण्याची उन्हाळ्यातली हवा, असं धरून मी आकडे काढले. ताशी १० ला हवेसाठी लागतात जेमतेम ४ वॅट, २५ ला साधारण ६०, ३२ ला १२५ च्या आसपास आणि ४० ला २४०. समजा एरो हेल्मेटने एकूण अडथळा २ टक्के कमी केला. तर २५ ला वाचतो सव्वा वॅट, ३२ ला अडीच, ४० ला पावणेपाच, आणि घाटात १० च्या स्पीडला काहीच नाही म्हटलं तरी चालेल. सेकंदांत मोजलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं, कारण हळू जाणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो. २५ च्या स्पीडने एकट्याने ४० किलोमीटर केले तर अर्धा मिनिट वाचेल, ४० च्या स्पीडने केले तर वीसेक सेकंद. कंपन्या जाहिरातीत नेमके सेकंद देतात ते यासाठीच. आणि हा हिशोब एकट्याने वाऱ्यात जायचा आहे, ग्रुपमध्ये कोणाच्या तरी चाकामागे असाल तर त्यातलंही बरंच उरत नाही.

म्हणून जाहिरातीतला आकडा वाचताना तीन गोष्टी शोधा. कुठल्या स्पीडला मोजलं, कशाच्या तुलनेत (त्यांच्याच जुन्या मॉडेलच्या की दुसऱ्या कंपनीच्या), आणि पुतळ्यावर की पेडल मारणाऱ्या माणसावर. यातलं काही लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या.

दुसरं म्हणजे एरो हेल्मेट डोक्यावर एकटं काम करत नाही, ते तुमच्या पाठीबरोबर काम करतं. डोक्यावरून आलेली हवा सुरळीत पाठीवर गेली तर फायदा, हेल्मेटचं शेपूट वर उभं राहिलं तर फायदा गेला. हे घरी तपासता येतं. मित्राला रस्त्याच्या कडेला उभं करा, तुम्ही रोजच्या स्पीडने समोरून जा, एकदा हुड्सवर, एकदा ड्रॉप्सवर, आणि एकदा दमलेले असताना, राइडच्या शेवटी. त्याने बाजूने व्हिडिओ काढायचा. शेवटचा व्हिडिओ सगळ्यात महत्त्वाचा कारण दमल्यावर मान खाली जाते आणि शेपूट आकाशाकडे. तुमचं असं होत असेल तर आखूड, गोल मागच्या बाजूचं हेल्मेट घ्या.

उतारावर पेडल न मारता सोडून दोन हेल्मेटची तुलना करायची पद्धत पण लोक सांगतात. करून बघायची तर पहाटे, वारा नसताना, सरळ आणि रिकाम्या उतारावर, तीच जर्सी, तीच पोझिशन, तोच टायरचा दाब, आणि हेल्मेट आळीपाळीने बदलत प्रत्येकी पाच-पाच फेऱ्या. मी केलंय. एकाच हेल्मेटच्या फेऱ्यांमध्येच एवढा फरक येत होता की दोन हेल्मेटमधला फरक त्यात हरवून गेला. पण त्याच सकाळी ढगळ विंडचीटर काढून फिटिंगची जर्सी घातली तर तो फरक मात्र स्वच्छ दिसला, आणि हुड्सवरून ड्रॉप्सवर गेल्याचा तर त्याहून जास्त. एरोसाठी पैसे बाजूला काढलेच असतील तर आधी तिकडे बघा.

तरीही एरो हेल्मेट कोणी घ्यावं? जे सपाट रस्त्यावर एकट्याने ३२-३५ च्या वर चालवतात, टाइम ट्रायल किंवा ट्रायथलॉन करतात, किंवा रेसमध्ये ब्रेकअवेला, म्हणजे घोळका सोडून पुढे, जातात. आणि त्यांनीसुद्धा थंडीच्या नाही तर एप्रिलच्या राइडवर ट्राय करून मग ठरवावं. भोकं कमी असलेलं हेल्मेट डिसेंबरच्या पहाटे फार छान वाटतं.

आवाजाचा मुद्दा क्वचितच कोणी काढतं. काही हेल्मेटच्या पट्ट्यांमधून आणि भोकांमधून उतारावर शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो, काही शांत असतात, बऱ्याचदा एरोवाली जास्त शांत. हायवेवर मागून ट्रक येतोय हे ऐकू येणं ही माझ्यासाठी दोन वॅटपेक्षा मोठी गोष्ट आहे.

घेतल्यानंतर

बिल आणि खोकं महिनाभर टाकू नका. पहिल्या दोन-तीन राइड छोट्या ठेवा आणि प्रत्येक वेळी घरी आल्यावर ती पुढून मागे ढकलायची टेस्ट परत करा, कारण नवीन पॅड दबतात आणि पट्टे थोडे सैल होतात. डोक्याला तेल लावून राइडला जायची सवय असेल तर ती बदला, तेल आणि घाम मिळून पॅड लवकर कुजतात. पॅड काढून साध्या शाम्पूने धुवा, सावलीत वाळवा, पावसाळ्यात तर दर आठवड्याला नाहीतर बुरशी येते. थिनर, पेट्रोल, तीव्र क्लीनर थर्माकोलला लावू नका, आणि उन्हात उभ्या बंद कारमध्ये हेल्मेट ठेवू नका.

एकदा जोरात आपटलं की ते हेल्मेट संपलं. बाहेरून चांगलं दिसलं तरी आतलं थर्माकोल एकदा चेपलं की परत फुगत नाही, पुढच्या वेळी तिथे वाचवायला काही उरलेलं नसतं. न पडता सुद्धा बहुतेक कंपन्या ३ ते ५ वर्षांत बदला म्हणतात, रोज घाम आणि ऊन खाणाऱ्या हेल्मेटसाठी मी तीनच धरते. जुनं दुसऱ्या कोणाला, कामवाल्या मावशींच्या मुलाला वगैरे देऊन टाकू नका, पट्टे कात्रीने कापा आणि मगच कचऱ्यात टाका. बोपदेवच्या हेल्मेटचे पट्टे मी कापले, पण ते टाकलं नाही, सोबत दुकानात घेऊन जाते. मागचं चेपलेलं थर्माकोल बोटाने दाबून बघितलं की समोरचा माणूस स्वतःच लहान साइज मागून घेतो.